फाट्यावर बंद पडणारी फटफटी

बाबांनी फटफटी घरी आणली तेव्हा ती चालत होती, एवढं मी शपथेवर सांगू शकते. ती मूळ लकडगंजमधल्या एका लाकूडवाल्याची. त्याचं वजन वाढत गेलं, किक मारताना धाप लागायला लागली, म्हणून त्याने ती विकायला काढली. आमचे बाबा कोष्टी. पाचपावलीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि मधल्या जागेत आम्ही तिघं, असा सगळा कारभार होता. बाबा स्वतः विणायचे, शिवाय दर बुधवारी उमरेडच्या विणकरांना सूत पोचवून त्यांची तयार लुगडी घेऊन यायचे. कितीतरी वर्षं हे गाठोडं एस.टी.च्या टपावरून जायचं. फटफटी आली आणि बाबांची चालच बदलली. पायी चालतानासुद्धा ते आता पाय जरा फाकवून, हात पुढे धरून चालायचे, आणि कोपऱ्यावर वळताना मान तिरकी करायचे.

मायला फटफटीत एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे तिला झाकायला हवं. हातमागाच्या घरात सुताचा बारीक भुगा सतत उडत असतो. तो वरणात पडतो, केसांत बसतो, अंथरुणात शिरतो. मायचा अर्धा जन्म त्या भुग्याशी भांडण्यात गेला. पाण्याच्या घागरीवर फडकं, दुधावर ताटली, आणि त्या ताटलीवर पुन्हा फडकं. घरात कुठे भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सुताचा तुकडा घ्यायचा, पीळ देऊन गाठ मारायची, खळीत बुडवायचा आणि भोकात ठासायचा. खळ म्हणजे धाग्याला ताठपणा यावा म्हणून लावतात ती पिठाची कांजी, वाळली की लाकडासारखी घट्ट होते. आमच्या दाराच्या फळ्या अशाच बुजवलेल्या होत्या. फटफटीसाठी तिने लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यांची गवसणी शिवली आणि तिला चांगला रुईफुली काठ लावला. साऱ्या नागपुरात काठाची गवसणी पांघरून झोपणारी फटफटी आमचीच असावी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. मागाचा धोटा दिवसभर इकडून तिकडे फेकला जायचा, फणीचा ठोका पडायचा, आणि त्या खटखटीवरून आवाज चढवून बोलायची सवय सगळ्यांनाच लागली होती. बाबांचे कान तर त्यात पार गेले होते. डावा पुरता, उजवा अर्धा. त्यामुळे माग बंद असतानाही आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. "अवो, जेवाले चाला" हे माय अशा आवाजात म्हणायची की शेजारच्या अंजनाकाकूंचे यजमानही हात धुवायला उठायचे. त्यात राग नसायचा, पण अनोळखी माणसाला आमच्या घरी चोवीस तास भांडण चाललंय असं वाटलं असतं.

पावसाळा सरता सरता फटफटी बंद पडायला लागली. सुरुवातीला आम्ही मनावर घेतलं नाही. बाबांनी रविवारी अंगणात पोतं अंथरलं, पान्हे मांडले आणि प्लग काढून पॉलिश कागदाने घासला. पुढच्या बुधवारी परत बंद. मग सदरला हमीद मिस्त्रींकडे वारी सुरू झाली. मीही दोनदा बरोबर गेले. मिस्त्री उकिडवे बसायचे, विडी कानावर अडकवायचे आणि फटफटीकडे असं पाहायचे की जणू तिने त्यांची फसवणूक केली आहे. "कारबेटर में कचरा है कोष्टीभाऊ," ते म्हणायचे. कार्बोरेटर उघडायचे, पितळेचा तो मोत्याएवढा जेट तोंडात धरून फुंकायचे, उजेडाकडे करून डोळा लावायचे. दुसऱ्या खेपेला पॉइंट साफ केले, तिसऱ्या खेपेला कंडेन्सर बदलला. दर वेळी सदरच्या रस्त्यावर दोन चकरा मारून दाखवायचे, आणि तिथे ती गुणी बाळासारखी पळायची. आज माझ्या नातवाची गाडी बिघडली की दुकानातला मुलगा तिला वायर जोडतो आणि पडद्यावर बिघाडाचं नाव उमटतं. आमच्या फटफटीला असा पडदा असता तर माझ्या माय-बाबांचा केवढा मनस्ताप वाचला असता.

कारण ती बंद पडायची ती नेमकी एकाच जागी. गावाबाहेरच्या पंपावर टाकी गच्च भरून बाबा उमरेडच्या रस्त्याला लागायचे, आणि पाचगावच्या अलीकडे एक फाटा होता तिथे पोचता पोचता गाडी गचके द्यायला लागायची. फाट्यावर एक चहाचं दुकान होतं. ते चालवायची एक बाई. हे सगळं आम्हाला अंजनाकाकूंकडून कळलं. त्यांच्या यजमानांनी एस.टी.तून जाताना बाबांना त्या दुकानाच्या बाकावर लागोपाठ तीन बुधवार पाहिलं होतं. काकू हे सांगताना हळू बोलल्या, आणि आमच्या घरात कुणी हळू बोललं की मला धडकीच भरायची.

"गाडी बंद पडते थे समजलं," माय त्या संध्याकाळी बाबांना म्हणाली. "पण त्याच जाग्यावर काहून?"

"आता मले काय मालूम? यंत्र आहे थे."

"अन् जातानीच बंद पडते. येतानी काहून नाही पडत? येतानी बाई दुकान बंद करते काय?"

आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या फटफटीबद्दल कुणी अकलेचा प्रश्न विचारला असेल तर तो मायनेच. हमीद मिस्त्रींना हा प्रश्न सुचला असता तर त्यांनी पाच मिनिटांत दोष काढला असता. पण मायला दोष फटफटीत शोधायचाच नव्हता. बाबा नुसते हसले, आणि तेच चुकलं. दुसऱ्या दिवशी मायने कांड्या भरणं सोडलं. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरून देणारं कुणी नसेल तर विणकर हात बांधून बसतो. बाबांनी होत्या तेवढ्या कांड्या संपवल्या आणि माग थांबला. बुधवारी संध्याकाळी बाबा परत येतील म्हणून आमच्याकडे बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा व्हायचा, तोही बंद झाला. वरणभात समोर यायचा, तोही न बोलता. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. "सुमे, तुह्या बापाले सांग, पाणी गरम झालं." बाबा समोरच बसलेले असायचे. सुरुवातीला मला मजा वाटली. मग एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा माय लोखंडी पेटी उघडून आपली लुगडी वेगळी काढत होती. भिवापूरला मामाकडे निरोप गेला होता, दसऱ्याला येऊन घेऊन जा म्हणून. मी तिला विचारलं, परत कधी येशील? ती लुगड्यांच्या घड्या घालत राहिली. त्या बंद मागाच्या घरात मला पहिल्यांदा कळलं की आपलं घर मोडू शकतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला फार भीती वाटली.

दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी मायने मला पहाटे उठवलं आणि वेणी घालता घालता म्हणाली, "तू जाय संगं. डोये उघडे ठेवजो. थे बाई कशी आहे, काय बोलते, सारं पाहून ये." मग जरा थांबून म्हणाली, "अन् खोटं सांगजो नको, मले बरं वाटावं म्हणून."

अशी मी सुताच्या गाठोड्याला टेकून, हेर म्हणून फटफटीवर बसले. बाबांना वाटलं पोरीला फिरायची हौस आली. ते खुशीत होते. मोठ्या आवाजात मला झाडं, विहिरी आणि लोकांची शेतं दाखवत होते, आणि मी नुसतीच मान हलवत होते, जी त्यांना दिसत नव्हती. फाटा जवळ आला तशी मी मनातल्या मनात म्हणत होते, आज पडू नको गं बाई बंद. पण तिने गचका दिला. मग दुसरा. इंजिन ढेकर दिल्यासारखं वाजलं, बाबांनी चोक ओढून पाहिला, ॲक्सिलेटर पिळून पाहिला, आणि आम्ही त्या दुकानासमोर अलगद येऊन थांबलो. जणू बाईने दोरी बांधून ओढून घेतलं होतं.

बाबांचा फटफटी दुरुस्त करण्याचा एक क्रम होता आणि तो ते पूजेसारखा पाळायचे. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहायचं. झाकण लावायचं. मग चहा. मग प्लग काढून घासायचा, परत बसवायचा, किक मारायची. गाडी सुरू व्हायची, आणि म्हणून दोष प्लगचा, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी झाकण फिरवलं तेव्हा फुस्स असा आवाज झाला, कुकरची वाफ जाताना होतो तसा, पण बारीक. मी ऐकला. बाबांना असा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, समाधानाने झाकण लावलं आणि बाकावर जाऊन बसले.

बाई आतून आली. माझ्या डोक्यात कोण जाणे काय काय चित्र होतं. ही मायच्याच वयाची, तिच्यापेक्षा काळी, हातावर गोंदण, पदर खोचलेला. पाचगावकडे तिची शेती होती, नवरा वावरात राबायचा आणि ही दुकान पाहायची. तिचं नाव पार्वताबाई. मी थोडी सैलावत होते, तोच तिने चहाची कपबशी बाबांच्या हातात दिली, मुद्दाम बाकाला वळसा घालून त्यांच्या उजव्या अंगाला आली, वाकली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. बाबा हसले. असे हसले की मी त्यांना घरात तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग तेही हळू काहीतरी म्हणाले. बाबा हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

मला रडू आलं आणि संतापही. आता घरी जाऊन काय सांगू? खोटं सांगायचं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि फटफटीपाशी गेले. बाबा बाहेर असले की माग आम्ही चालवायचो, त्याच्या पावड्या पायाने दाबून दाबून आमच्या घरातल्या बायकांचे पाय मजबूत झालेले. मी फ्रॉक सावरला, किकवर पाय ठेवला आणि सगळा राग तिच्यावर काढला. पहिली किक. दुसरी. तिसऱ्या किकला ती धडधडून सुरू झाली.

मी दचकून मागे सरले. प्लग तर कुणी काढलाच नव्हता. बाबांची पूजा अर्धी राहिली होती आणि देव प्रसन्न झाला होता. मग चहा आणि प्लग यांचा काही संबंध नव्हता. आतापर्यंत झालेली गोष्ट एकच, झाकण उघडलं होतं. मला तो फुस्स आवाज आठवला. रविवारी अंगणात बाबा मिस्त्रींचं ज्ञान मला ऐकवायचे, त्यात एक होतं की टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी, म्हणून झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक असतं. मी झाकण काढलं आणि तोंड लावून फुंकलं. हवा जाईना. बोटाने चाचपलं तर मधोमध एक कडक मणी लागला. मी केसातला आकडा काढून तो टोकरला तेव्हा धुळीने काळी पडलेली एक गुंडी बाहेर आली. थुंकी लावून पुसली तर आत हिरवं सूत. पिळाचं, गाठ मारलेलं, खळीत बुडवलेलं.

विणकराच्या घरात प्रत्येकाची गाठ वेगळी असते. बाबांची जाडसर, घाईची. माझी सुटणारी. ही गाठ बारीक होती, दोनदा आवळलेली, टोक आत वळवलेलं. ही मायची गाठ होती. एवढ्या महागाच्या गाडीच्या झाकणाला भोक, आणि त्यातून सुताचा भुगा आत जाणार, हे तिला कसं सहन व्हावं? टाकी गच्च भरली की वर हवेला जागा नाही, बुजलेल्या भोकातून नवी हवा येत नाही, आणि पेट्रोल फाट्याच्या आसपास अडायचं. येताना टाकी तेवढी भरलेली नसायची, वरच्या हवेवर घर गाठता यायचं. म्हणजे दर बुधवारी नवऱ्याला त्या बाईच्या दारात नेऊन सोडणारी खुद्द माझी मायच होती. मला रस्त्यातच हसू फुटलं.

बाबा धावत आले. "कशी चालू केली वं?"

"कचरा होता," मी ओरडले आणि गुंडी मुठीत लपवली.

"म्याच तं म्हणत होतो, कचरा आहे," बाबा म्हणाले. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं.

उमरेडला काम झालं, विणकरांनी लुगडी बांधून दिली, एका घरी आम्ही झुणका-भाकर खाल्ली. परत निघालो तेव्हा फटफटी अशी पळत होती की मी गाणं म्हणू लागले. माझ्या हिशेबाने सगळं सुटलं होतं. आता बाबांना फाट्यावर थांबायचं काही कारणच नव्हतं, आणि मी मायला खरं तेच सांगू शकणार होते. फाटा आला. इंजिनाचा ठोका मागाच्या ठोक्यासारखा एकसारखा पडत होता. आणि बाबांनी ॲक्सिलेटर सोडला, ब्रेक दाबला, आणि दुकानासमोर गाडी उभी केली.

मी उतरले नाही. "बाबा, गाडी तं चांगली चालून राहिली," मी ओरडले. "मंग काहून थांबले?"

पार्वताबाई आतून पाहत होती. बाबांनी तिला दोन चहा म्हणून बोटांनी खूण केली आणि माझ्याकडे वळले. माझा चेहरा पाहून त्यांना काय समजलं असेल ते असो, पण ते चिडले नाहीत. मला बाकावर बसवलं आणि स्वतः माझ्या डावीकडे बसले, उजवा कान माझ्याकडे करून.

"घरी तुमी सारे माह्यावर बोंबलता," ते म्हणाले. "मले मालूम आहे, मले आयकू येत नाही म्हणून. पण दिवसभर कोनी अंगावर ओरडत राहिलं ना पोरी, तं माणसाले वाटते आपली काईतरी चूकच झाली. हे बाई जवळ येऊन बोलते. तिच्या बापाचे कान असेच होते म्हणते. मंग मले वाटते, दोन घोट चाय पिवावा अन् माणसासारखं कोनाशी बोलावं."

"तुमी काय बोलता तिच्यासंगं?" मी विचारलं. विचारताना ओरडले नाही. त्यांच्या कानाशी वाकले.

"तुह्या मायबद्दलच तं सांगतो," बाबा म्हणाले. "तिनं फटफटीले काठाची गवसणी शिवली, थे सांगितलं तं हे बाई हसून हसून मेली."

बशीतला चहा गार झाला तरी मी तसाच धरून बसले होते. आमच्या घरात मी बाबांशी इतक्या जवळून कधी बोलले होते ते मला आठवेना.

घरी आलो तेव्हा माय ओट्यावर गहू निवडत होती. बाबा गाठोडं घेऊन आत गेले. मायने सूप बाजूला ठेवलं आणि नुसतीच माझ्याकडे पाहत राहिली. मी मूठ उघडली. तिने गुंडी उचलून डोळ्यांजवळ धरली, नखाने गाठ चाचपली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला सगळं समजलं. मी भोक, हवा, टाकी हे सांगून टाकलं. ती गुंडी बोटांत फिरवत राहिली.

"मंग थे भोक उघडंच ठेवाचं काय?" शेवटी ती म्हणाली. "त्यात भुगा नाही जाईन?"

मी म्हटलं, जाऊ दे. मग तिने खरा प्रश्न विचारला, माझ्याकडे न पाहता. "अन् थे बाई?"

खोटं सांगायचं नव्हतं. मी सांगितलं, येताना गाडी बंद पडली नव्हती, तरी बाबा थांबले. मग बाबा जे बोलले होते ते मी जसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. बोंबलण्याचं सांगितलं, कानाशी येऊन बोलण्याचं सांगितलं, गवसणीचंही सांगितलं. मायने सूप उचललं आणि आत गेली. ती रडली असेल तर मला ते दिसलं नाही.

दिवेलागणीला बाबा पाटावर बसले. ताटात वरणभातच होता. रस्सा करायला तिला वेळ कुठे होता. मी भिंतीशी बसून जेवत होते. माय पातेलं घेऊन उठली. नेहमीप्रमाणे जिथे होती तिथूनच हाक मारेल म्हणून मी कान तयार ठेवले. ती मागून वळसा घालून बाबांच्या उजव्या अंगाला आली, पातेलं खाली ठेवलं, बसली, आणि त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "भात घेता काय आखीन?"

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे.

"काय झालं वं तुले?" त्यांनी विचारलं, अंजनाकाकूंच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात. "तब्येत ठीक नाही काय?"

मायने त्यांच्या ताटात भात वाढला. मग पुन्हा वाकली, पदर तोंडाशी धरला आणि त्यांना काहीतरी म्हणाली. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आमच्या घरात बोललेलं आणि मला ऐकू न आलेलं ते पहिलंच वाक्य.